‘ब्रोकबॅक माउंटन’वरचं पुस्तक आणि "शेवटी प्रेम ते प्रेमच" हे वाक्य

सातरस्ता

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

गेले दोन महिने मी एकच पुस्तक वाचतोय, ‘द ब्रोकबॅक बुक’. विल्यम हँडली या प्राध्यापकांनी संपादित केलेला लेखसंग्रह, नेब्रास्का विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०११मध्ये काढलेला. एका मित्राने पुण्याहून येताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वाचायला घेतलं, कुर्डुवाडी येईतो त्याने मिटून ठेवलं आणि सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर माझ्या हातात दिलं. इंग्रजी मला जड जातं. शब्दकोश शेजारी ठेवून रात्री जेवणं झाल्यावर चार-पाच पानं, असं चाललंय.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲनी प्रू यांची कथा ‘न्यूयॉर्कर’मध्ये १३ ऑक्टोबर १९९७च्या अंकात आली. तिच्यावर आंग ली यांनी २००५मध्ये सिनेमा केला. १९६३च्या उन्हाळ्यात वायोमिंगमधल्या डोंगरावर मेंढ्या राखायला दोन पोरं जातात, एनिस आणि जॅक. विशीतली, फाटकी, कामाच्या शोधात फिरणारी. तिथे त्यांचं जुळतं. खाली उतरल्यावर दोघांची लग्नं होतात, मुलं होतात, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं ते मासे धरायला जातो म्हणून घरातून निघतात आणि डोंगरात भेटतात. ऑस्करला आठ नामांकनं आणि तीन पुरस्कार मिळाले, सर्वोत्तम चित्रपटाचा मात्र ‘क्रॅश’ला गेला. पुरस्कारावर खूप लिहिलं गेलंय, मला त्यात जायचं नाही.

मला थांबवलं ते एका वादाने. सिनेमा आला तेव्हा परीक्षणांतून आणि जाहिरातीतून एकच सूर लागला होता: ही सगळ्या माणसांची प्रेमकथा आहे. पोस्टरवरची ओळसुद्धा प्रेम म्हणजे निसर्गाची शक्ती अशा अर्थाची होती आणि पोस्टर बेतलं होतं ‘टायटॅनिक’च्या धर्तीवर. डॅनियल मेंडेलसन या समीक्षकाने २००६मध्ये याला विरोध केला. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या घरांचं वैर असतं, पण त्या दोघांना स्वतःची लाज वाटत नाही. एनिसला वाटते. जग त्याच्या विरोधात आहेच, पण त्याच्या कितीतरी आधी, लहानपणीच, तो स्वतःच्या विरोधात गेलेला आहे. म्हणून ही ‘कुठलीही’ प्रेमकथा नाही. चित्रपटाचे एक निर्माते जेम्स शेमस यांनी त्यावर जाहीर उत्तरही दिलं होतं.

हे वाचलं आणि मी पुस्तक उलटं ठेवून गच्चीवर गेलो. कारण ज्या ज्या माणसाला मी या सिनेमाबद्दल सांगितलं, त्या प्रत्येकाने मला चांगल्या मनाने एकच उत्तर दिलंय: "अरे, शेवटी प्रेम ते प्रेमच." आणि दर वेळी माझं पुढचं बोलणं तिथेच थांबलंय.

मी समलिंगी आहे. वय ४४. इथे हे पहिल्यांदा लिहितोय.

सिनेमात एनिस एक आठवण सांगतो. त्यांच्या भागात दोन म्हातारे एकत्र राहून गुरं पाळत असत. त्यातल्या एकाला, अर्लला, लोकांनी हालहाल करून मारलं आणि पाटाच्या चारीत टाकलं. एनिस तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या बापाने त्याला आणि त्याच्या भावाला मुद्दाम नेऊन ते प्रेत दाखवलं. बापानेच ते केलं असेल, असंही एनिसला वाटत आलंय.

मी दहा वर्षांचा असेन. आम्ही इथल्याच, सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होते, एकटे, नेहमी पांढरा लेंगा, कानावर खडूचा तुकडा. त्यांच्या दुकानात एक माणूस मुक्कामाला असायचा. एका सकाळी त्यांच्या शटरवर काळं ऑइल फासलेलं होतं, आणि ते स्वतः बादली घेऊन रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते. पुसलं की डाग पसरायचा. दहा-बारा जण समोर उभे, कोणी हात लावत नव्हतं. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायला निघाले होते. त्यांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि म्हणाले, "बघून ठेव."

एवढंच. मारलं नाही, रागावले नाहीत. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. तीन-चार वर्षांनी कळला, आणि मग कायमचा.

सिनेमा मी २००६च्या मे महिन्यात जुळे सोलापुरात एका मित्राच्या खोलीवर पाहिला. सीडी दोन ठिकाणी अडकायची. तो चारीचा प्रसंग नेमका अडकला, आणि पडद्यावर ते पोर आणि त्याच्या मानेवर बापाचा हात एवढंच थांबून राहिलं. मित्र सीडी काढून बनियनला पुसत होता आणि मी दातावर दात दाबून बसलो होतो.

मला विचारायचंय ते हे. "प्रेम ते प्रेमच" म्हटल्यावर ते शटर कुठे जातं?

विजापूरवेस

सातरस्ता, आधी एक सांगतो, लिहिलंत ते फार बरं केलंत. धाडसाचं आहे.

पण मी मेंडेलसनच्या बाजूचा नाही. माझी आई ६८ वर्षांची. आयुष्यात सिद्धेश्वराची यात्रा, अक्कलकोट आणि माहेर बार्शी एवढंच जग. मागच्या दिवाळीत मी टीव्हीवर हा सिनेमा लावला तेव्हा ती वाती वळत बसली होती. उठली नाही. शेवटी जॅक मेल्यावर एनिस त्याच्या आईवडिलांच्या घरी जातो, वरच्या खोलीतल्या कपाटात त्याला जॅकचा शर्ट सापडतो आणि त्याच्या आत घातलेला आपला स्वतःचा, वीस वर्षांपूर्वी हरवला म्हणून सोडून दिलेला शर्ट सापडतो. तिथे आईने वाती खाली ठेवल्या. म्हणाली, "तुझे बाबा गेल्यावर त्यांचा स्वेटर मी तीन वर्षं धुतला नव्हता."

हा सिनेमा वेगळ्या लोकांच्या वेगळ्या दुःखाचा आहे असं आधीच सांगितलं असतं, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली असती. सगळ्यांचं सारखं असतं या दारातूनच ती आत आली ना? मग ते दार वाईट कसं?

सातरस्ता

तुमच्या आईंचं वाचून गलबलून आलं. दार वाईट नाही, मान्य. पण आत आल्यावर पुढे काय? तुमच्या आई स्वेटर उघड जवळ ठेवू शकल्या. शेजारणीने विचारलं असतं तर सांगू शकल्या असत्या, आणि शेजारीण रडलीही असती. एनिसने तो शर्ट कोणाला दाखवायचा? जॅकच्या आईने न बोलता कागदी पिशवी पुढे केली, म्हणून तो घरी तरी नेता आला. दुःख सारखं असेल. ते ठेवायची जागा सारखी नाही.

गड्डा२००३

दादा, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, तरी बोलतो. मी पण समलिंगी. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल दिला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, मोबाईलवर बातमी बघितली आणि रंगभवनच्या पुढे सायकल लावून एकटाच बसलो. त्यामुळे शटरची भीती मला तुमच्याएवढी नाही.

मला या सिनेमाचा रागच येतो. आमची म्हणून जी एक गोष्ट सगळ्या जगाला आवडते, त्यात एक मरतो आणि दुसरा चाकांवरच्या गाडीघरात एकटा राहतो. लोकांना आम्ही मेलेलेच आवडतो का? एवढी जाड पुस्तकं लिहितात, पण सुखाने राहिलेल्यांवर कोण लिहिणार? खरंच विचारतोय, चिडून नाही.

सातरस्ता

गड्डा, तुझ्या रागाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक गोष्ट सांगतो. ॲनी प्रू यांनी २००९मध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या मुलाखतीत सांगितलं होतं की ही कथा लिहिलीच नसती तर बरं, असं त्यांना वाटतं. कारण लोक शेवट सुखाचा करून त्यांना पाठवत राहतात. त्यांच्या मते अशा वाचकांना कथा कळलीच नाही. ती त्या दोघांपुरती नाही, तर समलिंगी माणसांच्या द्वेषाबद्दल, एका मुलखाबद्दल आणि तिथल्या मनोवृत्तीबद्दल आहे.

आणि तो मुलूख कल्पनेतला नव्हता. कथा छापून आली त्याच्या पुढच्याच ऑक्टोबरमध्ये, १९९८ला, वायोमिंगच्याच लॅरमी गावाजवळ मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला बेदम मारून कुंपणाला बांधून ठेवलं. १२ तारखेला तो दवाखान्यात वारला. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की हात गार पडतात.

पण सुखाची गोष्ट हवी हे तुझं बरोबर आहे. हवीच.

वाचनवेडी

सुखाची नाही म्हणता येणार, पण मायेची आहे: रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. मराठी सिनेमा, २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं मुख्य पारितोषिक मिळालेला. वडील गेल्यावर दहाव्यापर्यंत गावाकडे राहिलेला मुंबईचा मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र. गड्डा, तू तो बघच. त्यातल्या आईसाठी तरी बघ.

आपल्याकडे अगदीच काही नव्हतं असंही नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१चं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ची. पण त्यांच्यावर असं जाड, वादांनी भरलेलं, एकाच कलाकृतीला दहा बाजूंनी भिडणारं मराठी पुस्तक मी तरी कुठल्या कपाटात पाहिलेलं नाही, आणि माझं अर्धं आयुष्य वाचनालयांत गेलंय. एखाद्या कलाकृतीवर लोक तिला लाडावून ठेवण्यापलीकडे जाऊन भांडतात, तेव्हा ती खरी टिकते. ‘उंबरठा’वर अजून बोलतो ना आपण?

एक भाषेचा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. इंग्रजीत लपून जगण्याला ‘क्लॉझेट’ म्हणतात, आणि सिनेमात शर्ट सापडतात तेही क्लॉझेटमध्येच. म्हणजे त्यांच्याकडे नुसतं कपाट उघडलं की सगळा अर्थ बाहेर येतो. मराठीत ‘कपाटातून बाहेर येणं’ लिहिलं की कोणीतरी खरंच कपाटात अडकलंय असं वाटतं. आपला शब्द कुठला? मला ‘झाकली मूठ’ सुचते. सव्वा लाखाची, असं आपणच म्हणतो. म्हणजे झाकण्याला आपल्याकडे वर किंमतही आहे, मान आहे. त्यांच्या कपाटाला तो मान नाही. मुलाचं वेळेवर लग्न लावून दिलं की घराची मूठ झाकलेली राहते, आणि कोणी उघडू पाहिली तर त्याच्यावर घराची किंमत घालवल्याचा दोष येतो.

नीलमोहर

चार वेळा लिहून पुसलं. आता लिहितेच.

मी अल्मा आहे. एनिसची बायको. म्हणजे तशा लग्नात मी चार वर्षं होते. घटस्फोटाला आता अकरा वर्षं झाली. त्या माणसाचं नाव-गाव काही सांगणार नाही, ते आता दुसऱ्या शहरात असतात.

सिनेमात जॅक पहिल्यांदा भेटायला येतो, हे दोघं जिन्याखाली एकमेकांना मिठीत घेतात आणि अल्मा जाळीच्या दारातून बघते. तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला दुसरा आठवतो. घटस्फोटानंतर सणाच्या जेवणाला एनिस तिच्या घरी येतो, आणि भांडी विसळताना ती त्याला सांगते की तुझ्या मासे धरायच्या पेटीवर पाच वर्षांनीही किमतीची चिठ्ठी तशीच होती. मी गळाच्या दोरीला एक चिठ्ठी बांधली होती, थोडे मासे घरी आण म्हणून. तू परत आलास तेव्हा ती जागची हललेली नव्हती.

आमच्याकडे पंढरपूर होतं. महिन्यातून एक एकादशी, मित्राबरोबर. मी त्यांच्याकडे कुंकवाची रिकामी डबी द्यायचे, येताना भरून आणा म्हणून. आणायचे, न चुकता. चौथ्या वर्षी एकदा डबी पालथी झाली आणि तळाला चिकटलेला कागद दिसला: मधल्या मारुतीजवळच्या दुकानाचा. घरापासून पंधरा मिनिटांवर. कुंकू सांडलं होतं फरशीवर, ते मी ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं गुलाबी होऊन बसलं. मी ते फडकं फेकलं, डबी ठेवली.

मी त्यांच्यावर चिडले ते नंतर, वर्षभराने. आधी मला वाटायचं माझ्यातच खोट आहे. सासूबाईही तेच म्हणायच्या, माझ्या आईलाही तेच वाटायचं. चार वर्षं मी उपास केले.

म्हणून सातरस्ता, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तुमच्याच बाजूचं आहे. "प्रेम ते प्रेमच" म्हटलं की मी त्या गोष्टीतली आडवी येणारी बाई होते. भीतीचं नाव घेतलं तर कळतं की त्या भीतीने दोघांचं नाही, तिघांचं आयुष्य खाल्लं. तुमच्या पुस्तकात अल्माबद्दल आहे का काही?

अक्कलकोटरोड

ताई, तुमचं वाचलं आणि मशीनपाशी तसाच उभा राहिलो.

मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. शिक्षण बारावी. सिनेमा मोबाईलवर बघितला, भाषा निम्मी कळाली, तरी जे कळालं ते सांगतो. इथे सगळे भीतीचं बोललालेत, पण मला त्यात पगार दिसला.

डोंगरावरचा मालक दुर्बिणीतून या दोघांना बघतो. लगेच काही बोलत नाही. पुढच्या वर्षी जॅक काम मागायला आला की म्हणतो, तुझ्यासाठी काम नाही. बास. मुकादमाने एकदा बघितलं की संपलं, हे आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आणि शेवटचं मोठं भांडण कशावरून होतं? ऑगस्टमध्ये भेटायचं होतं आणि एनिसला सुट्टी मिळत नाही. तो म्हणतो नोव्हेंबर. पोरींच्या पोटगीचे पैसे भरायचेत, नोकरी सोडून पळता येत नाही. जॅकच्या सासऱ्याचा यंत्रं विकायचा धंदा आहे, म्हणून तो म्हणू शकतो की आपण दोघं मिळून छोटा गोठा घालू, वासरं पाळू. एनिसच्या खिशात काय आहे?

आमच्या इथे एका खोलीत आठ जण पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर. अशात कोणाला कोणाबद्दल काही वाटलं तर जायचं कुठे बे? त्यांना डोंगर तरी होता. आपला मुलूख सपाट. हिप्परग्याच्या तलावावर जा, कोणीतरी ओळखीचं गाडीवरून जातंच.

माझ्याबद्दल नाही बोलत. माझ्या शेजारच्या मागावरच्याबद्दल बोलतोय. तो आता सोलापुरात नाही.

वाचनवेडी

अक्कलकोटरोड, तुम्ही सुट्टीचं जे लिहिलंत ते मला सिनेमा तीनदा पाहून दिसलं नव्हतं. मला त्या भांडणात फक्त विरह दिसत होता.

विजापूरवेस

मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. सगळं नाही. आईला मी काल नीलमोहर यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, नाव अर्थात माहीत नाहीच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या चुलत घराण्यात एक होते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या वांझ म्हणायचो." हे मला ४० वर्षांत तिने कधी सांगितलेलं नव्हतं. त्या काकू अजून आहेत. आई म्हणते, येत्या सोमवारी जाऊन येऊ.

सातरस्ता

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. मार्चअखेरची कामं होती आणि अजूनही एक कारण होतं, ते शेवटी सांगतो.

नीलमोहर ताई, अल्माचा विषय पुस्तकात येतो, पण तुम्ही लिहिलंत तेवढ्या जवळून मला आत्तापर्यंत सापडला नाही. अजून शंभरेक पानं राहिलीत. सापडलं तर तेवढा भाग मराठीत सांगेन. शिकलेल्या माणसांचं लक्ष मैदानं, घोडे आणि पुरुषपणाच्या अमेरिकन कल्पनेवर जास्त जातं, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहे, कारण काउबॉय ही त्यांची दंतकथा आहे. गंमत म्हणजे सिनेमातला डोंगर वायोमिंगचा नाहीच, चित्रीकरण कॅनडात अल्बर्टामध्ये झालं, आणि दिग्दर्शक तैवानचा. मुळातच दुरून पाहिलेली गोष्ट आहे ती. मग सोलापुरातून पाहायला आपल्यालाही हरकत नसावी.

अक्कलकोटरोड, तुमची ऑगस्ट-नोव्हेंबरची गोष्ट मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. मित्राला पुस्तक परत देईन तेव्हा ती खोडणार नाही.

शर्टाबद्दल एक राहिलं. जॅकच्या कपाटात एनिसचा शर्ट आत असतो आणि जॅकचा बाहेर. अगदी शेवटी एनिसच्या गाडीघरात तेच दोन शर्ट दाराच्या आत टांगलेले दिसतात, तेव्हा क्रम बदललेला असतो. आता जॅकचा आत, एनिसचा बाहेर. त्यावर सिनेमात कोणी बोलत नाही. मी ते कितव्यांदा तरी पाहताना ओळखलं. गड्डा, तू विचारलंस ना सुखाचं कुठे काय आहे म्हणून. मला तरी ते तिथे दिसतं. आयुष्यात ज्याला कधी पांघरूण घालता आलं नाही त्याला एनिस मरणानंतर का होईना स्वतःच्या आत घेतो. तुला पुरणार नाही हे, मला माहीत आहे.

आता ते दुसरं कारण. हा धागा काढल्यापासून त्या शिंप्यांचं नाव आठवायचा प्रयत्न करतोय, आठवत नाही. परवा रात्री वडिलांना विचारलं. ते ७९ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मला मोठ्याने विचारावं लागलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. मी म्हटलं, "शुक्रवार पेठेत आपल्या गल्लीच्या तोंडाशी शिंपी होते, त्यांचं नाव काय?"

त्यांनी नाव सांगितलं. लगेच, न आठवता. मी ते इथे लिहीत नाही. म्हणाले, "लातूरकडे गेले नंतर. दोघंही." मग बराच वेळ शेंगदाण्याची सालं काढत राहिले.

"तुझा पहिलीचा गणवेश त्यांनीच शिवला होता," म्हणाले. "कॉलर कधी मोडली नाही त्याची."